ताईचा चिखल

एडिटरचा फोन आला तेव्हा मी पुण्यातल्या नव्या कॅफेंवरच्या लेखासाठी (शब्दमर्यादा चारशे, कॉफीचं बिल माझं) तिसरा कॅपुचिनो पीत होते. "खोल समुद्रातले चित्रविचित्र प्राणी. फुल पेज," ते म्हणाले. "तुझी बहीण त्यातलीच ना?" प्राण्यांतली नाही, शास्त्रज्ञांतली, मी म्हटलं. ते हसले नाहीत. "एकदम विअर्ड फोटो मिळव," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी फ्रीलान्स जर्नलिस्ट आहे. म्हणजे मासकॉमची डिग्री फाइलमध्ये, आणि नातेवाइकांच्या भाषेत 'सध्या घरीच असते'. त्यामुळे कुठल्याच कामाला नाही म्हणायची सोय नाही. हा विषय मात्र मी २०१९ पासून टाळत आले होते.

रात्री ताईला मेसेज टाकला, की तो गुलाबी, लोंबत्या नाकाचा, रडवेल्या तोंडाचा मासा आहे ना, तसले पाच-सहा सांग. तो म्हणजे ब्लॉबफिश. तुम्ही फॉरवर्डमध्ये नक्की पाहिला असेल. २०१३ मध्ये तो जगातला सगळ्यात कुरूप प्राणी म्हणून चक्क मतदानात निवडून आला होता. ताईने मेसेजला उत्तर दिलं नाही, सरळ फोन केला.

"त्याला पाण्यात असताना बघितलंयस कधी?"

मग लेक्चर. ब्लॉबफिश राहतो साधारण सहाशे ते बाराशे मीटर खोल. आपल्या डोक्यावर हवेचा जो दाब असतो त्याच्या साठपट, शंभरपट दाब तिथे पाण्याचा. त्याचं अंग जेलीसारखं मऊ असतं आणि पाणीच त्याला चहूबाजूंनी धरून ठेवतं. तिथे तो साधा, जरा डोकं मोठं असलेला मासा दिसतो. जाळ्यातून वर ओढला की धरणारं कुणी उरत नाही, आणि तो फतकल मारल्यासारखा पसरतो. तो फेमस फोटो २००३ मधल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या एका मोहिमेतला आहे. समुद्रातला नाही, वर काढलेल्या माशाचा.

"आपणच त्याला वर ओढायचं आणि आपणच त्याच्या तोंडाला हसायचं," ताई म्हणाली. "हे छापणार असाल तर माझं नाव घालू नका." म्हणून या लेखात ती नुसती ताई आहे.

तरी माझी दया येऊन तिने दोन-चार प्राणी दिलेच. पहिला अँगलरफिश. डोक्यावर दिवा घेऊन अंधारात सावज बोलावणारा तो, कार्टूनमधला. त्यातली दिवेवाली नेहमी मादी असते. १९२२ मध्ये आइसलंडच्या एका शास्त्रज्ञाला अशा मादीच्या पोटाला दोन छोटे मासे चिकटलेले सापडले. त्याला वाटलं, पिल्लं असतील. १९२५ मध्ये चार्ल्स टेट रीगन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तसाच एक चिकटलेला मासा कापून पाहिला, तर तो नवरा निघाला. काही जातींमध्ये नर मादीला चावतो तो सुटतच नाही. कातडी जुळते, रक्तवाहिन्या जुळतात, आणि पुढे तो तिच्याच रक्तावर जगतो. हे शरीराला चालतं कसं, याचं उत्तर २०२० मध्ये मिळालं. परक्या पेशी ओळखून हाकलायला आपल्याकडे जी प्रतिकारयंत्रणा असते, तिच्यातली महत्त्वाची जनुकंच या माशांनी सोडून दिली आहेत. सोबत राहायचं तर एवढं सोडावं लागतं! ऑफिसमध्ये 'कमिटमेंट फोबिया'वर चर्चा निघाली की हे उदाहरण द्या, बघा कोण कोण गप्प बसतं ते.

दुसरा, डाएटवाल्यांसाठी. कुंडी उचलली की खाली एक करडा किडा गोळी होऊन बसलेला असतो ना, त्याचाच फूटभर लांबीचा खोल समुद्रातला नातेवाईक म्हणजे जायंट आयसोपॉड. जपानच्या तोबा अॅक्वेरियममध्ये असा एक होता, त्याचं नावच 'नंबर वन'. २ जानेवारी २००९ ला त्याने एक मासा खाल्ला. त्यानंतर काही नाही. १४ फेब्रुवारी २०१४ ला तो गेला, म्हणजे पाच वर्षं आणि ४३ दिवसांचा उपास. आपण संकष्टीला चार वाजता साबुदाण्याच्या डब्याकडे बघायला लागतो.

आणि तिसरा आपल्या ताटातला पाहुणा. बोंबील ज्या गणातला, त्याच गणातला ट्रायपॉड फिश काही हजार मीटर खोल तळावर तीन लांबलचक काटक्यांवर उभा राहतो. पोहत नाही, फिरत नाही. प्रवाहाकडे तोंड करून नुसता उभा, खाणं अंगावर येईपर्यंत. पुढच्या वेळी तळलेला बोंबील मागवाल तेव्हा त्याच्या या ध्यानस्थ भाऊबंदाची आठवण काढा.

झालं, पान भरलं असतं. पण ताईच्या टेबलावर यातला एकही नसतो. तिच्या टेबलावर चिखल असतो.

ताई माझी मावसबहीण, पाच वर्षांनी मोठी. मावशी-काका दोघंही बदलीच्या नोकरीत, त्यामुळे दहावीपर्यंत ती सांगलीला आजीकडे वाढली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नववीत, शाळेच्या ट्रिपला, गणपतीपुळ्याला. आणि आज ती गोव्यात बसून समुद्राच्या तळाचा चिखल धुते. 'धुते' हा शब्द तिचाच.

हा चिखल येतो मध्य हिंदी महासागरातून. कन्याकुमारीवरून सरळ खाली, विषुववृत्त ओलांडून पुढे. तिथे पाच हजार मीटरहून खोल तळावर बटाट्यांएवढे काळे गोळे पसरलेत. मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं, सगळं त्यात. हे गोळे दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. २००२ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार करून तिथल्या ७५ हजार चौरस किलोमीटरमध्ये त्यांचा शोध घ्यायचा हक्क मिळवला. साधारण पाव महाराष्ट्र! मोबाइलच्या आणि इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला निकेल-कोबाल्ट लागतं, त्यामुळे आज सगळ्या जगाचा डोळा अशा गोळ्यांवर आहे.

पण काढायच्या आधी तिथे कोण राहतं ते मोजायला हवं की नाही? प्रशांत महासागरातल्या अशाच एका पट्ट्याची मोजदाद २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथल्या पाच हजारांहून जास्त प्रजातींपैकी सुमारे नव्वद टक्क्यांना अजून शास्त्रीय नावच नाही. आणि तळ किती दिवसांत भरून येतो? १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या समुद्रात चार हजार मीटरवर तळातून मुद्दाम नांगर फिरवला. २०१५ मध्ये पुन्हा जाऊन पाहिलं, तर तास तसेच. काल नांगरल्यासारखे.

तर ताई मोजते. जहाजावरून बॉक्स कोअरर नावाची पेटी केबलला बांधून खाली सोडतात. तळाशी पोचायला दीड तास, वर यायला दीड तास. पेटी तळाचा चौकोनी तुकडा कापून आणते, खरवसाची वडी कापावी तसा. कधी कधी नीट मिटत नाही आणि रिकामीच वर येते. मग परत तीन तास. रात्रीचे दोन वाजलेले असोत, डोक्याला हेल्मेट, पायात जाड बूट, जहाज डुलतंय. आलेला चिखल गार खाऱ्या पाण्याने बारीक चाळणीतून धुवायचा. चाळणीत जे राहील ते फॉर्मलीनमध्ये, त्यात एक रंग घालायचा की जीव असलेलं सगळं गुलाबी होतं. मग गोव्याला येऊन मायक्रोस्कोपखाली ते गुलाबी ठिपके चिमट्याने एकेक उचलायचे. दोन मिलिमीटरचा केसाळ किडा. त्याहून लहान शिंपला. एका खेपेच्या मालाला वर्ष जातं. आपल्याकडे 'मरिन बायोलॉजिस्ट' म्हटलं की डॉल्फिनला मिठी मारलेली मुलगी डोळ्यांसमोर येते. ताईने आजवर काम म्हणून एकाही डॉल्फिनकडे पाहिलेलं नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत ती पहिल्यांदा जहाजावर गेली. बेचाळीस दिवस. नातेवाइकांचा पहिला प्रश्न, "बायका किती आहेत जहाजावर?" पन्नासातल्या पाच. हा प्रश्न जुनाच आहे म्हणा. समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्प या अमेरिकन बाईंना बाई म्हणून जहाजावर घेत नसत. पुरुषांनी आणलेल्या आकड्यांवरून त्या किनाऱ्यावर बसून तळ रेखाटायच्या. स्वतः बोटीवर पाय ठेवायला १९६८ उजाडलं. आपल्याकडे नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या अदिती पंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून १९८३ मध्ये थेट अंटार्क्टिकाला गेल्या. सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर, तिथे जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणून. आजीला हे ताईने सांगून ठेवलं होतं. त्यामुळे शेजारणींनी विचारलं की आजी म्हणायची, "बायका बर्फातसुद्धा जाऊन आल्या, हिचं तर नुसतं पाणी आहे."

जहाजाच्या मेलवर फोटो जात नसत, दिवसातून दोनदा नुसता मजकूर जायचा. मावशीला टायपिंगचा कंटाळा, म्हणून घरचं सगळं मी लिहायचं असं ठरलं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, एका चॅनेलच्या डेस्कवर ट्रेनी. ताईच्या मेल भन्नाट असायच्या. "आज एक वेळचं जेवण पोटात राहिलं. अॅव्होमिन झिंदाबाद." "पालेभाज्या संपल्या. आता महिनाभर कोबी-बटाटा, बटाटा-कोबी." "विषुववृत्त ओलांडलं, नव्या लोकांना डेकवर पाण्याने न्हाऊ घातलं."

अकराव्या दिवशी पहाटे आजी गेली. झोपेतच, कुणाला हाक न मारता.

सांगलीच्या घरात माणसं जमली होती. मामा फोनवर, मी कोपऱ्यात. मावशी एकदम म्हणाली, "तिला कळवायचं नाही." जहाज विषुववृत्ताच्या पलीकडे. यायचं म्हटलं तरी आठ दिवस, आणि एका माणसासाठी जहाज वळत नाही. मग तिथे पाण्यात एकटीने ती काय करणार? मामांनी मान डोलावली. मावशी माझ्याकडे वळली. "तूच लिहितेस ना. लिही, सगळं ठीक आहे."

मी लिहिलं. महिनाभरात नऊ मेल. त्या नऊही मेलमध्ये आजी जिवंत होती.

ताई लिहायची, "आजीला सांग, पाच किलोमीटर खालचा चिखल हातात घेतला. वर ऊन रटरटतंय आणि चिखल फ्रिजमधून काढल्यासारखा गार." मी लिहायची, "आजी म्हणते, हात साबणाने धू." आजीचं गुडघ्याचं तेल, आजीची सिरियल, आजी आणि दूधवाला. न्यूजरूममध्ये सगळे दोन सोर्सकडून खात्री करा म्हणून ओरडत असायचे, आणि मी त्याच कॉम्प्युटरवर बसून आजीच्या तोंडी वाक्यं घालत होते. वाईट म्हणजे मला ते जमायला लागलं होतं. सातवी मेल तर मला आवडलीसुद्धा.

मार्चमध्ये मुरगाव बंदरावर ताईला आणायला आम्ही तिघं गेलो. मावशी, काका आणि मी. पुण्यापासून गाडीत मावशी पुटपुटत होती, कशी सुरुवात करायची ते. ताई सॅक घेऊन बाहेर आली. काळवंडलेली, वाळलेली, चालताना अजून जहाजावर असल्यासारखी डुलणारी. मावशीने तोंड उघडायच्या आत म्हणाली,

"माहितीये. कधी गेली?"

आम्हाला वाटलं जहाजावर कुणीतरी सांगितलं. तसं नव्हतं. रात्री वास्कोच्या लॉजवर, मावशी झोपल्यावर, ताईने मला विचारलं, "आजी कधी 'जेवतेस ना नीट' असं विचारते का गं?"

मी आठवून पाहिलं. आजी 'जेवलीस का' कधीच विचारायची नाही. जेवलेली असणारच हे तिने धरलेलं असायचं. ती विचारायची, 'काय जेवलीस?' आणि मग सगळा मेन्यू सांगायला लागायचा.

"तुझ्या तिसऱ्या मेलला कळलं," ताई म्हणाली. "दोनदा वाचली. आजी बोलत नव्हती त्यात."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं."

म्हणजे उरलेले तीन आठवडे मी तिच्यापासून लपवत होते आणि ती, तिला कळलंय हे माझ्यापासून लपवत होती. 'आजीला सांग', 'आजीला विचार' असं शेवटपर्यंत लिहीत राहिली. मला हे ऐकून जरा हलकं वाटलं, वाटलं की तिने माफ केलं. तेव्हाच ती भडकली. असं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही हळू आवाजात, कारण शेजारी मावशी झोपलेली. "तुम्ही ठरवलंत मला झेपणार नाही. रात्री दोनला डेकवर उभी असायचे मी. बाजूच्या मुलीला काय सांगणार? आजी गेली असा माझा अंदाज आहे? सांगितलं असतंत तर रडले असते आणि परत चाळणी धरली असती. मला रडायलासुद्धा कारण ठेवलं नाहीत तुम्ही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मावशीची बाजू मला कळते. बावीसाव्या वर्षी मीही तिच्याच बाजूची होते. पण 'तिच्या भल्यासाठी' म्हणून आम्ही जे केलं, त्यात मावशीला तो फोन करावा लागणार नव्हता आणि मला ती मेल लिहावी लागणार नव्हती, हेही होतंच.

तिथून सगळे सांगलीला गेलो. मामांची मुलं लहान, ती ताईच्या मागे लागली, शार्क पाहिलास का, व्हेल पाहिलास का. ताई म्हणाली, काही नाही पाहिलं, पण एक गोष्ट सांगते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, चौदाशे मीटर खोल एका कपारीवर शास्त्रज्ञांना २००७ मध्ये अंड्यांवर बसलेली एक ऑक्टोपस दिसली. यंत्रमानव पाठवून ते पुन्हा पुन्हा बघायला गेले. साडेचार वर्षांत अठरा वेळा. दर वेळी तीच, त्याच जागी. अंगावरच्या खुणांवरून ओळखायचे तिला. रंग उडत चालला, डोळे धुरकट झाले. जवळून खेकडे गेले तरी ढुंकून बघायची नाही. यंत्राच्या हाताने खेकड्याचा तुकडा पुढे केला, तोही घेतला नाही. ५३ महिने! कुठल्याही प्राण्याने अंडी इतकी वर्षं सांभाळल्याची दुसरी नोंद नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, तर ती नव्हती. कपारीला अंड्यांची रिकामी टरफलं तेवढी होती.

"मग ती कुठे गेली?" धाकट्याने विचारलं.

"तेव्हा तिथे कुणी नव्हतं ना बघायला," ताई म्हणाली. मावशी उठून स्वयंपाकघरात गेली.

जायच्या आधी ताईने सॅकमधून एक पुरचुंडी काढली. खोल समुद्रात जाणाऱ्यांचा हा एक जुना खेळ आहे. थर्माकोलच्या कपांवर मार्करने काहीतरी लिहून ते जाळीत घालून केबलबरोबर खाली सोडायचे. दाबाने आतली हवा निघून जाते आणि चहाचा कप अंगठ्याएवढा होऊन वर येतो, आकार तोच, अक्षरं तीच, सगळं इवलंसं. आम्हा प्रत्येकाच्या नावाचा एक होता. माझ्यावर 'ब्रेकिंग न्यूज' लिहिलं होतं, ते मी निमूट घेतलं. एक कप जास्तीचा होता. तो तिने आजीच्या फोटोसमोर ठेवला. त्यावर बारीक अक्षरांत होतं, 'काय जेवलीस?'

तो कप अजून तिथे आहे. मावशी सांगलीला गेली की फोटो पुसते, कप उचलून त्याच्याखालचं पुसते आणि पुन्हा ठेवते. यावर कधी बोलत नाही.

या लेखासाठी मी मागच्या महिन्यात गोव्याला जाऊन आले. ताईने मायक्रोस्कोपला डोळा लावायला दिला. गुलाबी दोऱ्यासारखं काहीतरी, बाजूला केस. "याला नाव नाही अजून," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात तो सूर होता जो माझ्या मैत्रिणींच्या आवाजात फ्लॅटचं पझेशन मिळाल्यावर येतो. चेन्नईत 'मत्स्य ६०००' नावाची पाणबुडी बनवायचं काम हाती घेतलंय. आत २.१ मीटरच्या टायटॅनियमच्या गोळ्यात तिघांनी बसायचं आणि सहा हजार मीटर खाली जायचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन भारतीय फ्रान्सच्या 'नॉटील' पाणबुडीतून अटलांटिकमध्ये उतरले, त्यातला एक पाच हजार मीटरपर्यंत. ताईला एकदा तरी असं खाली जायचंय. आत बाथरूम नसतं, मी आठवण करून दिली. "लोकलनेच जातेस ना मुंबईला? तिथे तरी कुठे असतं," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा निघतेय. अडतीस दिवस. काकांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय, त्यामुळे यावेळी तिने स्वतःच विषय काढला. "काही झालं तर सब्जेक्टमध्ये सरळ लिहायचं. गोल गोल नको. दोन शब्द. मी वाचेन आणि काय करायचं ते बघेन." मी हो म्हटलं. परतताना गाडीत मी ते दोन शब्द मनात लिहून पाहिले. मला नाही लिहिता आले.

एडिटरना सांगितलं की ब्लॉबफिशचा फोटो देणार नाही. बराच वेळ वाद झाला. शेवटी ते म्हणाले, मग काय छापू, चिखल? ताईने पाठवलाय एक फोटो, स्टीलच्या पेटीतला चौकोनी, तपकिरी, वर चार काळे गोळे. छापतात का बघू.